‘वॉरंटीत बसत नाही’ हा निकाल नव्हे

(वरठी येथे नागरिकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)





आजचा विषय छोटा वाटेल. बिघडलेला फोन आणि तो वॉरंटीत दुरुस्त करून न देणारी कंपनी. नागरिकांच्या बैठकीत फोनचं काय काम, असं कोणी विचारेल. पण आपल्या गावात फोन आता चैनीची वस्तू राहिलेला नाही. रेशनच्या केवायसीचा ओटीपी फोनवर येतो. मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज फोनवरून भरला जातो. मजुरी खात्यात जमा झाली की नाही, हे फोन सांगतो. भाजीवाला, ऑटोवाला, शिवणकाम करणारी ताई, सगळे पैसे फोनवर घेतात. फोन पंधरा दिवस बंद पडला तर त्या घराचा पंधरा दिवसांचा व्यवहार बंद पडतो.

म्हणून एक उदाहरण घेऊन बोलतो. समजा, वरठीतली एक ताई आहे. शिवणकाम करते. ब्लाऊज आणि सलवार-कुर्त्याच्या ऑर्डरी तिला व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. तिने १३,००० रुपयांचा फोन घेतला, पक्क्या बिलावर, एक वर्षाच्या वॉरंटीसह. सातव्या महिन्यात फोन चार्ज होईना. ती भंडाऱ्याच्या सर्व्हिस सेंटरला गेली. तिथे सांगितलं, आमच्याकडे होत नाही, नागपूरला जा. भंडारा रोड स्टेशनवरून गाडी पकडून ती नागपूरला गेली. त्या दिवसाचं काम बुडालं. नागपूरला काउंटरवरच्या मुलाने फोन आत नेला, दहा मिनिटांनी बाहेर आला आणि म्हणाला, “मॅडम, आत पाणी गेलंय. वॉरंटीत बसत नाही. बोर्ड बदलावा लागेल. साडेसात हजार.”

ताई म्हणते, फोन पाण्यात पडलाच नाही. मुलगा म्हणतो, सिस्टीममध्ये तसंच दिसतंय.

आता ही ताई काय करेल? शंभरातल्या बहुतेक ताया आणि भाऊ घरी परत येतील. “जाऊ द्या, एवढी मोठी कंपनी, आपलं कोण ऐकणार,” असं म्हणतील आणि दुसरा फोन हप्त्यावर घेतील.

माझं आजचं म्हणणं एका वाक्यात सांगतो. काउंटरवरचा “नाही” हा निकाल नसतो. ती फक्त समोरच्या पक्षाची बाजू असते. निकाल देण्याचा अधिकार काउंटरला नाही. तो अधिकार कायद्याने ग्राहक आयोगाला दिला आहे, आणि त्या आयोगाचं दार आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी, भंडाऱ्यालाच आहे.

हे दार आपोआप उघडलेलं नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी १५ मार्च १९६२ रोजी तिथल्या काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात ग्राहकाचे हक्क मांडले, म्हणून १५ मार्च हा जागतिक ग्राहक हक्क दिन झाला. पण आपल्याला तेवढं लांब जाण्याची गरज नाही. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. महाराष्ट्रातल्या साध्या गृहिणी आणि नोकरदार लोकांनी हे काम वाढवलं. त्यानंतर १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याला २४ डिसेंबरला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. आता त्याच्या जागी २०१९ चा कायदा आहे आणि तो जुलै २०२० पासून लागू आहे.

या नव्या कायद्यात आपल्यासारख्या गावांसाठी एक फार मोठा बदल झाला. पूर्वी तक्रार करायची तर जिथे कंपनीचं ऑफिस किंवा शाखा आहे, किंवा जिथे व्यवहार घडला, तिथल्या मंचाकडे जावं लागे. आता कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे फोन नागपूरला घेतला असो की ऑनलाइन मागवला असो, कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असो की बंगळुरूला, वरठीची ताई भंडाऱ्याला तक्रार दाखल करू शकते. ताईने कंपनीच्या दारात जायचं नाही, कंपनीने भंडाऱ्यात येऊन उत्तर द्यायचं.

फी किती? वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शून्य. वकील लावलाच पाहिजे का? नाही. स्वतः बाजू मांडता येते. मुदत किती? तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं.

आता मुख्य प्रश्न. ग्राहक अशा तक्रारी जिंकतात का? बंगळुरूचं एक प्रकरण सांगतो. एका तरुणाने ऑक्टोबर २०२१ मध्ये आयफोन १३ घेतला, एक वर्षाच्या वॉरंटीसह. काही महिन्यांनी बॅटरी आणि स्पीकरचा त्रास सुरू झाला. तो अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेला. आधी सांगितलं, दुरुस्त झाला. बघतो तर त्रास तसाच. फोन पुन्हा ठेवून घेतला. नंतर सांगितलं की बाहेरच्या जाळीवर गोंदासारखं काहीतरी आढळलं आहे, म्हणून वॉरंटी लागू नाही. त्याने ईमेल केले, नोटीस पाठवली, शेवटी ग्राहक आयोगात गेला. २०२३ मध्ये आयोगाने त्याच्या बाजूने आदेश दिला. फोनचे ७९,९०० रुपये व्याजासह परत करा आणि वर २०,००० रुपये भरपाई द्या, असा तो आदेश होता. जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक कंपनी समोर होती, आणि तक्रार करणारा होता एक साधा ग्राहक.

हे प्रकरण मी विजयाचा ढोल वाजवायला सांगत नाही. त्यात बघायची गोष्ट वेगळी आहे. त्या तरुणाकडे प्रत्येक पायरीचा कागद होता. तो कधी गेला, काय सांगितलं, फोन किती दिवस ठेवला, कोणता ईमेल कधी केला, सगळं लेखी. कागद नसेल तर काय होतं, तेही ऐका. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका निकालात स्पष्ट केलं आहे की सेवेतली त्रुटी सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराची असते. फक्त “माझ्यावर अन्याय झाला” एवढं म्हणून चालत नाही. म्हणून आता आपल्या ताईकडे परत जाऊ आणि तिने कोणते कागद जमवायचे ते पाहू.

पहिला कागद, पक्कं बिल. त्यावर फोनचा आयएमईआय क्रमांक असला पाहिजे. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की तो पंधरा आकडी क्रमांक दिसतो. बिलावरचा, खोक्यावरचा आणि फोनमधला क्रमांक एकच आहे का, हे दुकानातच बघून घ्या. बिलाचा लगेच फोटो काढून घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवर पाठवून ठेवा. बिलाची शाई सहा महिन्यांत उडते आणि बिघडलेल्या फोनमधला फोटो ऐनवेळी काढता येत नाही.

दुसरा कागद, जॉबशीट. सर्व्हिस सेंटरला फोन दिला की त्याची नोंद झालीच पाहिजे. तारीख, आयएमईआय, तुम्ही सांगितलेला बिघाड आणि फोनची बाहेरची अवस्था, एवढं त्यात हवं. “नुसता चेक करून सांगतो” म्हणत कोणी फोन आत घेऊन गेला तर त्याला थांबवा. आधी जॉबशीट, मग फोन. फोन देण्याआधी त्याचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढा. सोबत आलेल्या माणसाच्या फोनवर काढला तरी चालतो.

तिसरा कागद, नकाराचं कारण. आपल्या लोकांचं घोडं इथेच अडतं. तोंडी “नाही” ऐकून आपण परत येतो. तसं करू नका. शांतपणे म्हणा, “भाऊ, तुमचं म्हणणं मला लिहून द्या. आत पाणी गेलंय म्हणता, तर कुठे गेलंय, त्याचा फोटो द्या.” बहुतेक फोनमध्ये आत एक छोटी पांढरी खूणपट्टी असते. पाणी लागलं की ती लाल किंवा गुलाबी होते. ती बदलली आहे का, ते दाखवा म्हणा. लिहून देत नसतील तर तिथेच बसून कंपनीच्या अधिकृत ईमेलवर पाठवा: आज अमुक तारखेला, अमुक सेंटरवर, अमुक कारण सांगून दुरुस्ती नाकारली, कारण लेखी मागितलं, दिलं नाही. हा ईमेलसुद्धा कागदच आहे.

आणि एक गोष्ट. फोन परत घेताना ओटीपी मागतात, किंवा “ग्राहक समाधानी” अशा ओळीखाली सही मागतात. वाचल्याशिवाय सही करू नका, काम झाल्याशिवाय ओटीपी देऊ नका. “दुरुस्ती नाकारली, मला मान्य नाही” असं हाताने लिहा आणि त्याखाली सही करा.

आता नकाराची नेहमीची कारणं बघू. सगळी खोटी नसतात. फोन पडून काच फुटली किंवा पाण्यात बुडाला, तर साध्या वॉरंटीत तो बसत नाही. वॉरंटी ही बनवण्यातल्या दोषाची हमी असते, अपघाताची नाही. अपघातासाठी वेगळी योजना किंवा विमा असतो. फोन पाण्यात पडला असेल तर पडला म्हणा. आयोगासमोर शपथपत्र द्यायचं असतं. खरं बोलणारा ग्राहकच ताठ उभा राहतो.

पण कारण खरं असलं तरी त्याचा बिघाडाशी संबंध आहे का, हा प्रश्न विचारायचाच. कोपऱ्यात बारीक ओरखडा आहे म्हणून चार्जिंगचा दोष नाकारता येतो का? स्क्रीनगार्ड बाहेरून लावला म्हणून माईकची जबाबदारी झटकता येते का? विचारा. उत्तर लेखी मागा.

पाण्याबद्दल तर कंपन्यांना त्यांच्याच जाहिरातींची आठवण करून दिली पाहिजे. जाहिरातीत फोन पोहण्याच्या तलावात दाखवतात आणि वॉरंटीच्या बारीक अक्षरांत लिहितात की पाण्याने झालेलं नुकसान आमच्याकडे नाही. या दुटप्पीपणावर बाहेरच्या देशांनी कारवाई केली आहे. इटलीच्या स्पर्धा आणि ग्राहक प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅपलला १ कोटी युरोचा दंड केला. फोन पाणीरोधक म्हणून विकायचा आणि पाणी गेलं की वॉरंटी नाकारायची, हा त्यातला आक्षेप होता. ऑस्ट्रेलियात जून २०२२ मध्ये न्यायालयाने सॅमसंगला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. काही गॅलक्सी फोनच्या जाहिरातींत ते तलावात आणि समुद्रात वापरता येतात असं दाखवलं होतं. प्रत्यक्षात ओला फोन चार्ज केला तर चार्जिंगची जागा गंजू शकत होती. हे निकाल भारतात बंधनकारक नाहीत. पण भ्रामक जाहिरात आपल्या कायद्यातही अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणून जाहिरातीत, खोक्यावर किंवा विक्रीच्या पानावर “पाणीरोधक” लिहिलं असेल तर त्याचा फोटो आपल्या फाईलमध्ये ठेवा.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे, “तुम्ही बाहेर उघडवला.” हे कारण आपल्या गावच्या दुरुस्तीवाल्या पोरांच्या पोटाशीही जोडलेलं आहे. ऑस्ट्रेलियात जून २०१८ मध्ये अ‍ॅपलला ९० लाख डॉलरचा दंड झाला. आयफोन बाहेरच्या कारागिराकडून दुरुस्त करून घेतला म्हणून ग्राहकांना सरसकट “तुमचा हक्क संपला” असं सांगितलं होतं. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला. स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करणारी अट घालू नका, असं त्यात बजावलं. तो आदेश गाड्यांबद्दल होता, फोनबद्दल नव्हता. पण दिशा तीच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी वेगळं पोर्टलही सुरू केलं. तरी व्यवहाराची गोष्ट सांगतो. वॉरंटी चालू असताना फोन बाहेर उघडवू नका. हातात असलेला मुद्दा आपणच कशाला घालवायचा?

आता ताईची फाईल तयार झाली. पुढे काय?

पहिली पायरी, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. क्रमांक १९१५. मराठीतही बोलता येतं. हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे, ती आदेश देत नाही. पण तक्रारीला क्रमांक देते आणि ती कंपनीकडे पाठवते. कधीकधी काम इथेच होतं. नाही झालं तरी तो तक्रार क्रमांक तुमच्या फाईलमध्ये लागतो. फोन ऑनलाइन घेतला असेल तर त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते.

दुसरी पायरी, नोटीस. साध्या कागदावर, साध्या मराठीत. फोन कधी घेतला, कधी बिघडला, कोणत्या तारखांना सेंटरला गेलो, काय सांगितलं, आणि पंधरा दिवसांत दुरुस्त करून द्या, नाहीतर आयोगाकडे जाईन. विक्रेता, सर्व्हिस सेंटर आणि कंपनी, तिघांना पाठवा. पोस्टाची पावती जपून ठेवा. तिघांना का, तर दुकानदार म्हणतो कंपनीकडे जा, कंपनी म्हणते सेंटरला विचारा, सेंटर म्हणतं वरून नकार आहे. चेंडू या हातातून त्या हातात. तिघं एकाच कागदावर आले की चेंडू थांबतो.

तिसरी पायरी, जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार प्रत्यक्ष भंडाऱ्याला देता येते किंवा ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते. तक्रारीला शपथपत्र आणि कागद जोडायचे. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश किंवा ईमेल छापून देत असाल तर जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचा नमुना भरता येतो, अवघड नाही.

नोटीस मिळाल्यावर कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, आयोगाला वाटलं तर आणखी १५. त्यापुढे नाही. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही ४५ दिवसांची मर्यादा बंधनकारक ठरवली आहे. फोनची तपासणी हवी असेल तर आयोग तो प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. “पाणी गेलंय” आणि “नाही गेलं” हा वाद काउंटरवर मिटत नाही, पण प्रयोगशाळेत मिटू शकतो. म्हणूनच तो फोन फेकू नका, विकू नका, उघडवू नका. तोच तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार आहे.

मागणी काय करायची, यातही शहाणपण लागतं. रागाच्या भरात कोणी १३,००० च्या फोनसाठी ५ लाखांची भरपाई मागतो. मारुती कंपनीच्या एका प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सदोष भाग बदलून काम होत असेल तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. म्हणून क्रमाने मागा. दोष मोफत दूर करा. तो दूर होत नसेल तर फोन बदलून द्या. तेही नसेल तर रक्कम व्याजासह परत करा. सोबत बुडालेली मजुरी, जाण्यायेण्याचा खर्च, मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च. प्रत्येक आकड्यामागे हिशेब असू द्या. रेल्वेची तिकिटंसुद्धा जपून ठेवा.

काही जण विचारतील, फोन माझ्या नावावर नाही, भावाने घेऊन दिला, मग? घेणाऱ्याच्या संमतीने वापरणारासुद्धा कायद्याने ग्राहक आहे. ताई शिवणकामासाठी फोन वापरते, मग कंपनी म्हणेल हा व्यवसाय आहे. पण फक्त स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणात धरली जात नाही. हेही कायद्यातच लिहिलं आहे. आखातात काम करणारा कोणी तिकडून फोन पाठवत असेल तर मात्र खबरदारी घ्या. बऱ्याच फोनची वॉरंटी त्या-त्या देशापुरती असते. खोक्यावर काय लिहिलंय ते आधी वाचून घ्या.

आता उशिराबद्दल बोलतो, कारण खोटी आशा दाखवणं मला पसंत नाही. कायदा म्हणतो, शक्यतो तीन महिन्यांत निकाल द्या, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच महिन्यांत. प्रत्यक्षात अनेकदा त्याहून जास्त वेळ लागतो. आयोगांत सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात, हे त्यामागचं एक मोठं कारण आहे. याची दखल सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली होती. नेमणुकांच्या नियमांतल्या काही तरतुदी मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये रद्द केल्या आणि मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. म्हणजे फोनची तक्रार करता करता आपण एका मोठ्या प्रश्नापाशी येतो. हक्क कागदावर आहे, पण तो देणारी खुर्ची भरलेली आहे का? हे विचारणं हे नागरिकांच्या चळवळीचं काम आहे. आमदार, खासदार मत मागायला येतात तेव्हा रस्ता आणि नालीबरोबर हाही प्रश्न विचारा.

उशीर असूनही तक्रार का करायची? कारण आयोगाचा आदेश म्हणजे सल्ला नव्हे. तो पाळला नाही तर कलम ७२ प्रमाणे एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसरं कारण असं की आपण गप्प बसलो की तो नकार पुढच्या ग्राहकालाही तसाच मिळतो. शंभरातले नव्वद जण परत जाणार हे माहीत असेल तर नकार देणं हा कंपनीसाठी स्वस्तातला धंदा होतो.

आता थोडं आपल्याच घरात डोकावू. या सभेत मोबाईल विकणारे आणि दुरुस्त करणारे बरेच तरुण आहेत. तुमच्या कष्टाचा मला आदर आहे. पण काउंटरच्या त्या बाजूला उभं राहिल्यावर आपणही तेच करतो का, हे बघायला हवं. “बिल घेतलं तर जीएसटी लागेल, कच्च्या चिठ्ठीवर स्वस्त देतो,” असं आपणही म्हणतो. कायद्यात बिल न देणं हीच अनुचित प्रथा आहे. “विकलेला माल परत घेतला जाणार नाही” अशी पाटी आपणही लावतो. पण सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. पाटी कायद्यापेक्षा मोठी नसते. स्क्रीन बदलून दिली तर ओरिजिनल की कॉपी, किती महिन्यांची हमी, हे चिठ्ठीवर लिहा. दुरुस्तीला आलेला फोन ही अमानत आहे. त्यातले फोटो, नंबर, संदेश हेही अमानत आहेत. जो हक्क आपण कंपनीकडे मागतो तो आपल्या गिऱ्हाईकाला देणं, यानेच आपल्या बोलण्याला वजन येतं.

शेवटी आपण काय करू शकतो? मोठं काही नाही. आठवड्यातून एक दिवस, दोन तास, एक टेबल. शुक्रवारी नमाजनंतर बसा किंवा रविवारी ग्रामपंचायतीजवळ बसा. दोन शिकलेली मुलं-मुली, एक लॅपटॉप, नोटिशीचा एक नमुना आणि १९१५ क्रमांक. येणाऱ्याला नाव विचारा, धर्म विचारू नका. बिघडलेल्या फोनला जात नसते आणि ग्राहक कायद्यालाही नाही. एकाच मॉडेलचा एकच दोष अनेकांना त्रास देत असेल तर समान हिताचे ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात, तीही सोय कायद्यात आहे. या टेबलावर हिंदू, मुस्लिम, बौद्ध शेजारी बसून एकमेकांची बिलं तपासतील, तर शेजारधर्माचं याहून चांगलं काम कोणतं?

आपलं मासिक दोन भाषांत निघतं, म्हणून एक शब्द सांगून थांबतो. उर्दूत ‘तकरार’ म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणणं, वाद घालणं. तोच शब्द मराठीत आला आणि ‘तक्रार’ झाला, दाद मागणं झाला. दोन्ही अर्थ खरे आहेत. एकदा म्हणून ऐकलं नाही तर पुन्हा म्हणायचं. काउंटरवर म्हणायचं, ईमेलवर म्हणायचं, १९१५ वर म्हणायचं, नोटिशीत म्हणायचं आणि शेवटी आयोगासमोर म्हणायचं. आवाज चढवून नाही, कागद पुढे करून.

आज घरी गेलात की एवढंच करा. घरातल्या प्रत्येक फोनचं बिल शोधा, त्याचा फोटो काढा आणि वॉरंटी कधी संपते ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

जय संविधान.